सान मिकेलेची खेप

दार लोटून घे, फुल्वियो. धुकं आत येतंय.

एर्मान्नोचं विचारत होतास ना? तीस वर्षं व्हेनिसमध्ये गोंडोला वल्हवलेला माणूस डोंगरात बहिणीकडे जाऊन का बसलाय म्हणून. सांगतो. त्याची नाव माझ्या शेजारच्याच खुंटाला असायची. हे सगळं त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.

"किती पेल्यांनंतर, काका?"

एकही नाही. आणि हसायचं तर आत्ताच हसून घे.

दोन नोव्हेंबर, दोन हजार अठरा. शुक्रवार. मृतांचा दिवस. सकाळी सगळं गाव फुलं घेऊन सान मिकेले बेटावरच्या दफनभूमीत जाऊन आलं होतं. आमची आई त्या रात्री ओट्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. गेलेली माणसं घरी येऊन जातात, त्यांना तहान लागते म्हणायची.

संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी एर्मान्नोला त्याच्या मुलीचा फोन आला. नीवेस. इस्पितळात नर्स आहे.

"बाबा, रस्त्यावर भरतीचं पाणी चढलंय आणि माझे गमबूट घरी राहिलेत. नावेतून घ्यायला ये ना."

"डोकं तरी आणलंस का, की तेही घरीच?" असं म्हणत तो निघाला.

नाव रिकामी होती. तुम्हा नाववाल्यांना वेगळं सांगायला नको, मागे उभं राहिलं की नावेत कोण कुठं बसलंय ते तळपायांना कळतं. पहिल्या पुलाखालून तो बाहेर पडला आणि नाव किंचित दबली. कुणी पाय ठेवल्यासारखी. लाट असेल, असं त्याला वाटलं. दुसरा पूल. पुन्हा तेच, या वेळी उजवीकडे. चौथ्या पुलानंतर वल्हं जड झालं. समोर लाल गाद्या. कोरड्या. कुणी नाही.

वळणावर त्यानं नेहमीची हाळी दिली, "ओ-ए!" समोरून कुणी येत असेल तर कळावं म्हणून.

उत्तर आलं.

समोरून नाही... त्याच्या पायांजवळून. हळूच.

"ओ-ए."

इस्पितळाच्या पायऱ्यांवर, दिव्याखाली नीवेस उभी होती. त्यानं नाव लावली. ती पाऊल टाकेना.

"ये की लवकर."

"कुठं बसू? सहा गिऱ्हाइकं घेऊन आलायस. आधी यांना तरी सोडायचं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, हे इतके भिजलेत कसे?"

एर्मान्नोनं गाद्यांकडे पाहिलं. रिकाम्याच.

"मागे हो, नीवेस."

"काय झालं?"

"मागे हो म्हणतो ना! पाण्यातून चालत जा. घरी जा!"

पोरीवर तो जन्मात कधी असा ओरडला नव्हता. ती भिंतीला टेकली. त्यालाही उडी मारून पळावंसं वाटलं. पण तो उतरला असता तर नावेतली ती सगळी पोरीजवळ राहिली असती. त्यानं पायरीला वल्हं लावलं आणि नाव लोटली.

कुठं जायचं ते कुणी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. कालवा संपला, उघडं पाणी लागलं. धुक्यात दफनभूमीच्या फाटकावरचा दिवा तेवढा दिसत होता. वीस मिनिटं. कुणी खोकलंसुद्धा नाही.

तिथल्या पायऱ्यांना नाव लागली. आणि उचलली गेली. एकदा. पुन्हा एकदा... सहा वेळा.

फाटक बंदच होतं.

तो फिरला. जीव खाऊन वल्हवू लागला. नाव हलकी झाली होती. अर्ध्या वाटेवर... ती डावीकडे कलली.

आतून नाही. बाहेरून. पाण्यातून कुणी काठ धरल्यासारखी.

त्यानं पाहिलं नाही.

"थांब... मलाही घे."

त्यानं वल्हं उचललं. हाणलं. पुन्हा हाणलं. आवाज लाकडावरचा नव्हता.

नाव सरळ झाली.

रविवारी सकाळी त्याच पाण्यातून अग्निशामकवाल्यांनी एक प्रेत काढलं. लूचो नावाचा म्हातारा, एकटा राहायचा, जाळी दुरुस्त करायचा. उजव्या हाताची बोटं मोडलेली. एर्मान्नो आपल्या पायांनी पोलिसांकडे गेला. मी मारलं म्हणाला. त्यांनी त्याला पाणी पाजलं आणि घरी पाठवलं. डॉक्टरांचं म्हणणं, म्हातारा मंगळवारीच बुडाला होता. शुक्रवारी तो कुणाच्या नावेला धरणार?

"सगळे म्हणतात तुझा दोष नाही," एर्मान्नो मला म्हणाला. "पण त्यानं जागा मागितली होती रे. नाव रिकामी होती. सहांना नेलं, आणि त्याला..."

त्याच आठवड्यात नाव माझ्या हवाली करून बहिणीकडे गेला.

वसंतात ती मी रंग खरवडायला कारखान्यात घातली. डाव्या काठावरचा काळा रंग शाबूत होता. वल्ह्याचा ओरखडासुद्धा नाही. रंग निघाला तेव्हा कारागिरानं मला बोलावलं. खाली लाकडात चार खळगे होते, ओल्या मातीत बोटं रुतवावीत तसे. नाव पाच महिने शेडमध्ये कोरडी पडलेली.

मी त्यांत बोटं ठेवून पाहिली.

आत पाणी होतं. बोट जिभेला लावलं. खारं.