सांताचं पत्र, ज्ञानेश्वरीच्या नावानं

लोहाऱ्याच्या बसस्टँडसमोर जिपा भरायची गडबड चाललेली, आणि त्या गडबडीतनं वाट काढत मोनिका कागद आणायला निघाली होती. साधासुधा कागद नव्हे. सायीच्या रंगाचा, जाड, बिनरेघी. सोबत लाल शाईचं पेन आणि चाळीस पाकिटं. दुकानदारानं विचारलं, "लग्नपत्रिका काढायल्यात का वैनी?"

"न्हाय वो. सांताची पत्रं."

दुकानदारानं मोठ्या समजूतदारपणानं मान हलवली. समजलं काही नव्हतं, पण गिऱ्हाइकापुढं तसं कबूल करणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय.

धंदा असा होता. गावात इंग्रजी शाळा झाली, शाळेत नाताळ आला, आणि कापसाची दाढी लावलेला सांता घरोघरच्या पोरांच्या डोक्यात शिरला. मोनिकानं मोबाईलवर जाहिरात टाकली: तुमच्या मुलाला सांताचं पत्र, त्याच्या नावानं, हातानं लिहिलेलं. आईबापांनी कळवायचं एवढंच, की पोराचं लाडाचं नाव काय, चांगली सवय कोणती, खोड कोणती आणि त्याला काय पाहिजे. बाकी मोनिकाचं अक्षर. ते असं, की तिच्या हातची किराण्याची यादीसुद्धा फ्रेम करून भिंतीला लावावी. नवरा मल्हार एसटीत कंडक्टर. तो या गोष्टीत येत नाही, त्याला रजाच मिळाली नाही.

सासरा धुळाप्पा ओट्यावर बसलेला असायचा. मेंढरं विकून चार वर्षं झाली होती, पण हातातली काठी सुटली नव्हती. मेंढरं नाहीत म्हटल्यावर तो माणसं हाकायचा.

"ह्यो सांता कुठल्या गावचा म्हणायचा?"

"उत्तर ध्रुवाचा, मामा."

"म्हंजी उमरग्याच्या अलीकडं का पलीकडं?"

"लई पलीकडं."

"मग त्याला आपल्या ज्ञानूच्या शेंबडाची काय खबर?"

"म्या सांगती की."

"म्हंजी चुगली तुझी आन् नाव त्याचं! आमच्या येळी ह्ये काम पोलीस पाटील करायचा."

ज्ञानू म्हणजे मोनिकाची लेक ज्ञानेश्वरी. वय सहा, पहिलीत. 'कमळ' वाचायचं तर क वर एक श्वास, म वर दुसरा, आणि ळ येईपर्यंत घरच्यांचा दम निघायचा. तिलाही पत्र पाहिजेच होतं.

घरात तेव्हा गडबड होती. नणंद दीपमाला बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला मुलगा झालेला. आतल्या खोलीत सारखी शेगडी, ओव्याची धुरी. तो वास सगळ्या घराला, कपड्यांना, पांघरुणांना धरलेला. त्या वासात बसून मोनिकानं तीन दुपारींत चाळीस पत्रं लिहिली. 'पालक खात जा. दादाला चावू नको. तुझा, सांता.' गठ्ठ्यातल्या सगळ्यात वरच्या कागदाच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेलं होतं. असला कागद गिऱ्हाइकाला कसा द्यायचा? टाकून द्यायलाही जिवावर आलं. मग त्यावर तिनं आपल्याच लेकीचं पत्र लिहिलं. चौदा ओळी. 'ज्ञानू, नाक बाहीला पुसू नको' इथपासून सुरुवात. चपलांच्या दुकानदाराची पोरं तुटक्या चपलेनं हिंडतात, तशातली गत. प्रत्येक पत्राचा तिनं मोबाईलवर फोटो काढला, पाकिटं चिकटवली, आणि बावीस तारखेला वाटली. पंचवीसला फोडा म्हणून बजावलं. आता पोरं कशाला थांबतात?

दुसऱ्या दिवशी सकाळीच हार्डवेअरवाला श्रीमंत दारात. तोंड हे एवढं फाकलेलं.

"वैनी, मानलं बुवा तुमाला! आमच्या रणधीरचा दात पडला की!"

"मग?"

"मग म्हंजी? पत्रात लिवलंया न्हवं? 'खालचा दात मंगळवारी जेवताना पडंल, गिळू नको.' काल मंगळवार. भातात सापडला!"

मोनिका हसली. आपण असं लिहिलं होतं का? चाळीस पत्रं म्हणजे डोक्याचा भुगा, लिहिलंही असेल. पण श्रीमंतानं पाठवलेली माहिती काढून बघितली, तर त्यात दाताचं नावसुद्धा नव्हतं.

दुपारी शेजारच्या कमलबाई आल्या. नातीच्या पत्रात शेवटची ओळ होती, 'शेळीला दोन पिल्लं होतील, एक कपाळावर पांढरं.' झाली होती. एक कपाळावर पांढरं होतं.

"येवढं कसं गं कळलं तुला?" कमलबाई कौतुकानं म्हणाल्या. "आमची शेळी तू बघितलीस तरी कवा?"

बघितली नव्हती. मोनिकानं पत्र हातात घेतलं. अक्षर तिचंच. तिचा तो ळ, तिची ती वेलांटी. शाई तीच. तिनं मोबाईल काढून त्याच पत्राचा फोटो शोधला. फोटोत पत्र 'तुझा, सांता' इथंच संपत होतं. खाली कागद कोरा. हातातल्या पत्रात मात्र सांताच्या खाली आणखी एक ओळ. तिनं फोटो मोठा केला, बारीक केला, मोबाईल बंद करून चालू केला. यंत्र बिघडलं की माणूस करतो ते सगळं केलं. फोटो बिघडला नव्हता.

संध्याकाळी धुळाप्पाला सांगितलं, तर म्हातारा काठी आपटून हसला. "आगं, खरा सांता आला आसंल! तुझ्या धंद्यात भागी मागायला."

तीही हसली. हसताना दाराकडं बघत होती.

चोवीस तारखेला मल्लिनाथ गुरुजी आले. त्यांनी पोरीसाठी पत्र घेतलं होतं. आत या म्हटलं तर आले नाहीत. डोकं ताजं भादरलेलं. पायरीखाली उभ्या उभ्याच पाकीट पुढं केलं.

"ताई, ह्ये तुमी लिवलंत?"

'आजोबा तुझा हात सोडतील. रडू नको.'

"काल दुपारी गेले," गुरुजी म्हणाले. "पोरगी शेजारीच बसली हुती. हात हातात हुता... ती रडली न्हाय. आमी विचारलं, तर म्हणली, मला म्हाईत हुतं." आवाज आणखी खाली गेला. "तुमाला कुणी सांगितलं, ताई?"

मोनिका पत्र उलटंपालटं करून बघू लागली. गुरुजी पत्र परत न घेताच निघून गेले. रागानं गेले असते तर बरं वाटलं असतं. ते भ्यालेले होते.

दिवस कलला होता. वीज गेलेली. आतून धुरीचा वास नेहमीपेक्षा दाट येत होता. आणि तेवढ्यात सासूची हाक आली. हरणाबाई परवाच्या बारशाची तयारी करत होती.

"मोने, पाचवीचा कागद कुठं ठिवलास गं? बाळाच्या उशाखालचा?"

"कसला कागद, आत्या?"

"आगं, सटवाईम्होरं ठिवल्याला! कागद-लेखणी. त्या दिशी म्या मागिटली, तर तूच म्हणलीस, टेबलावरनं घ्या. तुझा त्यो जाड कागदाचा गठ्ठा आन् लाल पेन, तसंच पाट्याजवळ ठिवलं की. एक कागद काय काढायचा, म्हणलं आसू द्या, सटवाईला कमी नगो पडायला."

आपल्याकडं पाचवीची रीत कुणाला सांगायला नको. पोर पाच दिवसांचं झालं की पाटा-वरवंटा मांडायचा, पुढं कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, आणि दार लोटून घ्यायचं. सटवाई येते, पोराचं जन्माचं लिहून जाते. सकाळी कागद कोराच दिसतो. कोरा दिसतो म्हणून तो कुणी वापरत नाही. गुंडाळून उशाखाली जातो.

आणि मोनिकानं काय केलं होतं? पाचवीच्या दुसऱ्या सकाळी केर काढताना आपला गठ्ठा कोपऱ्यात दिसला. उचलला, झटकला, कामाला लागली. चाळीसचे चाळीस कागद. आणि सगळ्यात वरचा, हळदीचं बोट उमटलेला...

"ज्ञानू कुठंय?" ती म्हणाली.

"बाळापाशी आसंल की. का गं?"

मोनिका धावली नाही. का कुणास ठाऊक, धावलं तर उशीर होईल असं तिला वाटलं. आतल्या खोलीत दीपमालाचा डोळा लागलेला. बाळ झोळीत. शेगडीतले निखारे तेवढे लाल. खिडकीखाली, उरल्यासुरल्या उजेडात ज्ञानू मांडी घालून बसलेली, आणि मांडीवर ते पत्र.

"ज्ञानू... उद्या फोडायचं हुतं न्हवं?"

"वाचायले," पोरगी म्हणाली. मान वर केली नाही.

तिचं बोट कागदावरनं चाललं होतं. डावीकडनं उजवीकडं, सरळ, न अडखळता. ओठ हलत नव्हते. क नाही, म नाही, श्वास नाही. पाटलाच्या हिशोबनिसानं वाचावं तशी पोरगी वाचत होती.

मोनिका वाकली. कागदाच्या कोपऱ्यात हळदीचं बोट होतं. बाकी काहीच नव्हतं. चौदाच्या चौदा ओळी नव्हत्या. कागद कोरा होता.

"काय... काय लिवलंय गं?"

"माझंच हाय की सगळं." बोट दुसऱ्या ओळीवर उतरलं. "शाळा हाय. पांढरी गाडी हाय. हितं मामाचं गाव हाय." तिसरी ओळ. "हितं तू रडायलीस."

"म्या? कवा?"

"थांब की मम्मी. वाचू दी."

चौथी ओळ. बोट कागदाच्या मधोमध आलं आणि थांबलं.

"झालं."

"पुढचं वाच."

"पुढं न्हाय. येवढंच हाय." आणि पोरगी उठली, पत्र आईच्या हातात दिलं, आणि झोळीतलं बाळ जागं झालंय का बघायला गेली. तिच्या दृष्टीनं गोष्ट संपली होती.

दारात हरणाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. मोनिकानं कागद खिडकीपाशी धरला. बोट थांबलं होतं त्या जागी एक लाल ठिपका होता. तिनं हात लावला. शाई ओली होती.

त्या संध्याकाळी ओट्यावर तिघंच बसली. पहिल्यांदाच धुळाप्पाच्या हातातली काठी आडवी पडलेली.

"चवथीच वळ हुती का?" हरणाबाईनं विचारलं. "नीट मोजलीस का?"

"रेघा कुठं हाईत, आत्या... कोऱ्या कागदावर कसं मोजायचं?"

"आन् एक वळ म्हंजी किती? वरीस का..."

"ईस!" धुळाप्पा एकदम म्हणाला. "एका वळीला ईस वर्षं धरायची. आमच्या मेंढक्यांचा समदा हिशोब इसाचाच आस्तुया. साडेतीन ईसं म्हंजी सत्तर. झालं की म्हातारी तुझी पोरगी! काय वाईट हाय?" आणि तो हसला. सवयीप्रमाणं दुसरं कुणी हसतंय का बघितलं. कुणी हसत नव्हतं. मग तोही थांबला.

बाळाचं बारसं झालं. बाळ गुटगुटीत आहे, त्याला काही नाही. ज्ञानूलाही काही नाही. शाळेत जाते, नाक बाहीलाच पुसते. पत्रांची मागणी अजून येते, श्रीमंतानं सगळ्या बाजारपेठेत डंका पिटलाय. मोनिका म्हणते, कागद संपला. ते पत्र जाळायचं ठरलं, हरणाबाई आडवी आली. पाण्यात सोडायचं ठरलं, मोनिकाचे हात उचलेनात. शेवटी ते कपाटातल्या डब्यात गेलं. रोज सकाळी मोनिका उघडून बघते. ठिपका कधी वर सरकल्यासारखा वाटतो, कधी खाली, आणि शाई वाळत नाही. धुळाप्पा रोज विचारतो, "ईसानंच मोजतीस न्हवं?" ती हो म्हणते.

शिमग्याच्या आदल्या दिवशी सकाळी ज्ञानू मागनं आली, आणि आईच्या हातातल्या कागदावर तिनं सहज बोट ठेवलं. बोट वरच्या कडेपासून जरा खालीच टेकलं.

"वरनं वाच की गं," मोनिका म्हणाली. आवाज शक्य तितका नेहमीचा ठेवला.

"वरची झाली की, मम्मी."

मोनिकाला वाटलं, ती जन्मापासनंची असेल. सहा वर्षांची एक ओळ. तसं असेल. की नाताळापासनं... तिनं बोटं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली.

ज्ञानू बाहेर पळाली होती. बोट टेकलं होतं ती जागा मोनिकानं नखानं धरून ठेवलेली. ती दुसऱ्या ओळीची सुरुवात नव्हती. दुसरी ओळही चांगली अर्ध्याच्या पुढं सरली होती.