तोडलेल्या वायरीचा व्हीसीआर

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच मागं फिरावं. मी मनाचं काही सांगत नाही. जिच्यावर हे बेतलं ती शिवम्मा माझी चुलत जाऊ. आम्ही नांदेडला, ती लातूरला. आणि खोटं बोलायला तिला आयुष्यात कधी फुरसतच मिळाली नाही.

भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती. वैशाखातली दुपार. गंजगोलाईच्या मागच्या बोळात शिवम्माचं व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान.

बाईमाणूस आणि व्हीसीआर? लोक आधी हसायचे. मग मशीन बंद पडलं की तोंड पाडून तिच्याकडंच यायचे.

ही विद्या तिनं आणि तिच्या धाकट्या भावानं मिळून मिळवलेली. मशिनी खोलून, बिघडवून, पुन्हा जोडून. भावाचं नाव विरूपाक्ष. विरू.

त्या काळी व्हीसीआरच्या तोंडावर नाव एकाचं आणि पोटात यंत्र दुसऱ्याचं, असा सर्रास मामला असायचा. देशी कंपन्या जपानी यंत्रावर आपली पाटी चिकटवायच्या. विरू झाकणावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचा, डॉक्टर छाती तपासतो तसं. मग म्हणायचा, "अक्का, वरचं नाव सासरचं हाय. थांब, माहेर बघू दे."

आतल्या चाकांची आणि पट्ट्यांची मांडणी बघून तो खरं घराणं सांगायचा. कधी चुकला नाही.

गणेश विसर्जनाच्या रात्री तो किल्लारीजवळच्या एका गावात व्हिडिओ दाखवायला गेला. मशीन चोरीला जाऊ नये म्हणून त्याची वायर मनगटाला गुंडाळून झोपायची त्याची सवय.

त्याच पहाटे जमीन हलली.

गाव गेलं. विरू सापडला नाही. मशीनही नाही.

शिवम्मा ढिगाऱ्याशेजारी बसून राहिली. तिथं मदत करायला आलेले होते, तसे उचलायला आलेलेही होते. मेलेल्या बाईच्या पाटल्या निघेनात म्हणून... जाऊ द्या. तिनं डोळ्यांनी बघितलंय. तेव्हापासून तिच्या पोटात निखारा आहे. भाऊ नाही तर नाही, निदान त्याची माती तरी नीट व्हावी, एवढंच तिचं मागणं होतं. तेही पुरं झालं नाही.

तर त्या दुपारी अंबरीश सर दुकानात आले.

लातुरात तेव्हा क्लासचं पेव फुटलं होतं. सरांच्या वर्गात पोरं मावत नव्हती. उरलेल्यांना शेजारच्या हॉलमध्ये बसवून, व्हीसीआरवर लेक्चरची टेप लावून देत.

"बाई, टेप खातंय. उद्या पाहिजे. इंपोर्टेड आहे, जरा जपून."

"इंपोर्टेड हाय तर टेपा कशाला खाऊन राहिलंय? भाकरी टाका की त्याला."

सर हसले नाहीत. मशीनकडं न बघताच निघून गेले.

पाटी परदेशी होती. चकचकीत. पण शिवम्माला ती खटकली. पाटीखालून जुन्या, लांब पाटीचा फिकट डाग बाहेर डोकावत होता. म्हणजे हे नाव मागाहून चिकटवलेलं.

तिनं स्क्रू काढले. झाकण उचललं.

हात तसाच हवेत राहिला...

आतल्या चाकावर कंपनीचं रबर नव्हतं. सायकलच्या ट्यूबची चकती होती. वस्तऱ्याच्या पात्यानं कापलेली, एका अंगानं तिरकी.

विरू डावखुरा होता. त्याचा काप असाच तिरका जायचा.

मग तिनं वायर बघितली. वीतभर जुनी. पुढं नवी जोडलेली, वर काळी टेप. टेप सोडवली. जुनी वायर तुटलेली नव्हती. पकडीनं तोडलेली होती.

ओढून निघाली नसती? तोडावी कशाला लागली?

कारण दुसरं टोक एका मनगटाला गुंडाळलेलं होतं.

शिवम्माची कानशिलं तापली. ज्यानं हे मशीन उचललं, त्यानं विरूला बघितलं होतं. वायर तोडली. विरूला तिथंच सोडलं.

तेवढ्यात लाईट गेली. दुपारचं भारनियमन. पंखा थांबला. शेजारची पिठाची गिरणी थांबली. सगळा बोळ गप्प झाला.

टक.

तिला वाटलं, दारावर कुणी आलं...

टक... टक.

दारात कुणी नव्हतं. आवाज टेबलावरून येत होता. उघड्या मशिनीतून. प्लग बाजूला पडलेला.

ती वाकली. आत एकही चाक हलत नव्हतं. फक्त... खालच्या जाळीतून माती सांडत होती. काळी, ओलसर. ऐन वैशाखात.

तिनं फडक्यानं पुसली. वळून बघते तर पुन्हा तेवढीच.

"विरू?"

आवाज थांबला.

आणि मग असा सुरू झाला की थांबेचना. टक टक टक टक टक... दार ठोठावून ठोठावून कुणी उघडत नाही, म्हणून माणूस चिडतो ना... तसा.

समोरचा चहावाला ओरडला, "मावशी, काय ठोकून राहिल्या एवढं?"

म्हणजे तिला एकटीलाच ऐकू येत नव्हतं.

लाईट आली. आवाज गेला.

दुसऱ्या दिवशी सर आले.

"झालं का बाई?"

"झालं. पर एक खोड ऱ्हायलीय. आवाज येतो."

"कसला?"

"टकटक."

सरांचा चेहरा उतरला. तोंडून शब्द निसटला...

"अजून?"

शिवम्मानं शटर अर्धं खाली ओढलं. "अजून म्हंजी कवापासनं, सर?"

"म्हणजे, क्लासमध्ये..."

"क्लासमधी न्हाई. ढिगाऱ्यात. वायर तोडताना. माझा सख्खा भाऊ हाय त्यो. बोला!"

सरांनी मग सांगितलं. त्या वेळी ते शिकत होते. मदतीच्या ट्रकबरोबर गेले होते.

"हात तेवढा दिसत होता. आम्हाला वाटलं, गेलेला आहे."

"आन् टकटक?"

"आम्हाला वाटलं... मशीनच वाजतंय."

"गावात लाईट होती?"

"नव्हती."

"पोरांना फिजिक्स शिकवता न्हवं? मग बिनालाईटीचं मशीन कसं वाजतंय, ते मला बी शिकवा की!"

सर रडायला लागले. तिला दया आली नाही. का यावी?

"रडू नगा. जागा दाखवा."

सरांच्याच गाडीतून ती औशाच्या रस्त्यानं निघाली. जुन्या गावठाणात आता नुसत्या बाभळी; ढिगारे पावसापाण्यानं खचून मातीखाली गेलेले. सर गाडीतून उतरले आणि न चाचपडता एका जागी जाऊन उभे राहिले. इतकी वर्षं जागा पाठ होती, आणि एक शब्द कुणाला सांगितला नव्हता. शिवम्मा म्हणते, त्या क्षणी माझ्या हातात कुदळ होती, महादेवानंच हात धरला.

नव्या गावातून माणसं आली. खणायला लागली.

"आडवा असेल," सर पुटपुटत होते. "छातीवर तुळई होती. हात तेवढा बाहेर..."

आधी वायर लागली. मग मनगट.

मग खणणारे एकदम मागं सरले.

विरू आडवा नव्हता. बसलेला होता. मांडी घालून, पाठ ताठ. तुळई बाजूला कलंडलेली. तोंड रस्त्याकडं. ट्रक गेला त्या रस्त्याकडं.

आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, असाच मांडी घालून बसवतात आणि माती देतात. म्हाताऱ्यांनी हात जोडले. "महादेवानंच बसवला गं बाई. त्याची माती देवानंच केली."

"गप ऱ्हावा!" शिवम्मा किंचाळली. "देवाचं नाव घेऊ नगा. त्याला कुणीबी बसवलं न्हाई. त्यो उठून बसलाय. गेलेली मान्सं मागं फिरतील म्हणून!"



सरांचा क्लास पुढं वाढला. तीन मजली झाला. देव आहे म्हणतात. असेल.

छातीवर तुळई असलेला माणूस उठून कसा बसला, हे मला आजही कुणी सांगू शकलेलं नाही. पण मला झोपू देत नाही ते हे नव्हे.

तो किती वेळ बसून होता...?