दोन दिवसांचं पाणी

धाकट्या भावाने गाडीचं दार अदबीने उघडून धरलं, तेव्हाच ताईच्या डोक्यात तिडीक गेली. चाळीस वर्षांत कधी न सुचलेलं हे सौजन्य आजच बरं सुचलं! गेलं वर्षभर ती त्याच्याशी बोलत नव्हती. ‘एक दिवस काढ, तीन वायनऱ्या बघू, वाइन चाखू, मोकळ्या हवेत बोलू, झालं गेलं सोडून देऊ,’ असा त्याने तिच्यामागे धोशा लावला होता. शेवटी कटकट मिटावी म्हणून ती ‘हो’ म्हणाली.

ताई पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होती. एकवीस वर्षं पाण्याचे नमुने हुंगून आणि चाखून, कुठल्या नळाला गंज आहे आणि कुठल्या टाकीत शेवाळ, हे ती सांगत आली होती. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. स्वतःच्या जिभेवर होता.

म्हणूनच, धाकट्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील गेले त्या सकाळी, तिने त्यांच्या खोलीतला काचेचा जग पाहिला होता. तो पलंगापासून चार पावलांवर खिडकीत होता. काठोकाठ भरलेला, झाकलेला आणि आतून काचेला बारीक बुडबुडे चिकटलेले. पाणी न हलता राहिलं की असे बुडबुडे धरतात. एवढे धरायला दोन दिवस लागतात. आणि धाकटा डोळे पुसत सगळ्यांना सांगत होता, “रात्री मीच पाणी पाजलं. झोपेतच गेले. अगदी शांत.” त्या दिवसापासून ताई त्याच्याशी बोलली नाही.

पहिली वायनरी म्हणजे पत्र्याचं लांबलचक शेड होतं. आत गारवा, आंबूस वास, लाकडी टेबलावर पांढरा कागद आणि शेजारी घोट थुंकायचं भांडं. वाइन ओतणारी बाई हसून धाकट्याला म्हणाली, “या! मागच्या वर्षीही आला होतात ना? मोठी टोळी होती मित्रांची.”

“छे, दुसरं कुणी असेल,” तो म्हणाला. जरा जास्तच घाईने.

त्याला गाडी चालवायची होती, म्हणून तो घोट घोळवून थुंकत होता. ताईने गिळला.

मलम. वडिलांच्या सांध्यांना चोळायचं मलम, आणि त्यामागे उशीखाली ठेवलेली जुनी वर्तमानपत्रं.

“चेरी लागतेय,” धाकटा म्हणाला. “तुला?”

ताईने पेला खाली ठेवला. मनाचे खेळ, असं तिने स्वतःला बजावलं.

दुसऱ्या ठिकाणी रबराच्या चादरीची चव आली. मग संत्र्याच्या वासाचं ते कडू औषध. ताई स्वतःवरच चिडली. उठून तिने पेला नळाखाली धुतला, रिकामा हुंगला. काही नाही. नवी बाटली उघडायला लावली, घोट घेतला.

आता लोखंड होतं. गंज नव्हे, रंग दिलेलं लोखंड. पलंगाचा कठडा. उशीजवळ त्याचा रंग वीतभर उडालेला तिने वडील गेले त्या सकाळी पाहिला होता आणि जुना पलंग म्हणून सोडून दिलं होतं. गार लोखंड तोंडाला ओलं वाटतं. तहानलेल्या माणसाला तर वाटणारच.

समोर हा माणूस खिदळत ओतणाऱ्याला दाद देत होता. पेला त्याच्या तोंडावर मारावा असं तिला वाटलं.

“ताई, बोल ना काहीतरी. आज तरी.”

“तिसरीकडे चल,” ती म्हणाली.

तिसऱ्या ठिकाणी चवच आली नाही. लालभडक घोट घशाखाली गेला आणि तोंड कोरडं पडलं. जीभ टाळूला चिकटली. ओठ सोलल्यासारखे चरचरले. तिने आणखी एक घोट घेतला, मग आणखी एक. कोरड वाढतच गेली.

“अभिप्राय लिहाल?” म्हणत ओतणाऱ्याने जाडजूड वही पुढे सरकवली.

ताईने पानं उलटी चाळली. बरोब्बर एक वर्ष मागे. वडील गेले त्याच्या आदल्या दिवसाची तारीख. खाली धाकट्याची ती वळणदार सही आणि वर दोन ओळी: ‘दोन दिवस नुसती धमाल! तहान भागली!’

तिने वही त्याच्याकडे फिरवली.

त्याचा चेहरा उतरला. “बाई येणार होती गं बाबांना सांभाळायला. आलीच नाही. मला काय माहीत? मी पार घुसमटलो होतो त्या घरात.”

“ते कठडा चाटत होते रे.”

तो पांढराफटक पडला.

“तुला कुणी सांगितलं?”

ताई उठली. दारापाशी नळ होता. पिशवीतली पारदर्शक बाटली काठोकाठ भरून ती गाडीत जाऊन बसली.

परतीला ऊन कलतं होतं. धाकटा सारखा ओठांवरून जीभ फिरवत होता.

“पाणी दे जरा.”

तिने दिलं. एका हाताने गाडी चालवत तो घटाघटा प्यायला. त्याच्या गळ्याची घाटी खालीवर होताना तिने पाहिली. बराच वेळ पाहिली.

“अजून आहे का? तोंड ओलंच होत नाही.”

ताईने बाटली परत घेतली. ती तशीच काठोकाठ भरलेली होती. आणि अर्ध्या तासापूर्वी भरलेल्या त्या पाण्यात, आतल्या बाजूला, सगळीकडे बारीक बुडबुडे चिकटले होते.

“ताई. पाणी.”

तिने झाकण घट्ट लावलं आणि बाटली मागच्या काचेपाशी ठेवली, त्याचा हात पोचणार नाही अशी.