बमला नाव नसतं

"माता बम, जरा माझी कावड धरता?"

कुमकुमने वळून पाहिलं. बावीस वर्षांच्या मुलीला माता! श्रावणात सुलतानगंजहून गंगेचं पाणी घेऊन बाबा बैद्यनाथाकडे निघालेला प्रत्येक जण बम आणि प्रत्येक बाई माता बम, हे तिला ठाऊक होतं. पण या उंच, हसऱ्या मुलाच्या तोंडून ते ऐकून तिचा पाराच चढला. त्याच्या तळव्यात सुइया डोंगराचा अणकुचीदार खडा रुतला होता, कावडी टांगायच्या बांबूच्या टेकणावर जागा नव्हती, आणि भरली कावड जमिनीला टेकवायची नसते. तिने ती आपल्या दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"खडा काढताय की विहीर खणताय?" शेवटी तिने विचारलं.

"काढला केव्हाच. पण तुम्ही रागावलात की इतक्या छान दिसता... म्हटलं, बसावं थोडं."

तिला हसू आवरेना.

मग वाट दोघांची झाली. पावसाची सर आली की तो आपलं प्लॅस्टिक तिच्या कावडीवर धरी आणि स्वतः खुशाल भिजे. कटोरियाच्या मुक्कामी त्याने आपल्या दही-चुड्यातला, म्हणजे दही-पोह्यांतला, गूळ गुपचूप तिच्या पानावर सरकवला. पुढे चालणारी बिमला आत्या दर दहा पावलांनी मागे बघून डोळे वटारत होती. आणि गंमत म्हणजे, आत्याने कावड उचलली होती ती भाचीला चांगला नवरा मिळावा म्हणूनच!

"नाव तरी सांगा," तो म्हणाला.

"वाटेवर बमला नाव नसतं. जल चढवल्यावर सांगेन."

"नक्की?"

"नक्की..."

ही वाट संपूच नये, असं तिला वाटत होतं. पण बैद्यनाथाचं देवघर गाव आलंच. देवळाच्या दारात गर्दीचा असा लोंढा आला की जल चढवून ती आत्याचा हात धरून भलत्याच दाराने बाहेर पडली. समोर लाखभर भगवे कपडे.

"बम!" तिने जिवाच्या आकांताने हाक मारली. शंभर माणसं वळली. त्यात तो नव्हता.

नाव नाही, गाव नाही. आता हा माणूस आयुष्यात पुन्हा दिसायचा नाही, या विचाराने तिला रडूच फुटलं. ती आत्याला ओढत हरवलेल्यांच्या मांडवात गेली.

"हरवलेल्याचं नाव?" माइकवाल्याने विचारलं.

"माहीत नाही."

"तुमचा कोण तो?"

आत्या टक लावून बघत होती. कुमकुमने ओढणीचं टोक मुठीत घट्ट आवळलं.

"तो नाही हरवला... मी हरवलेय. माझं नाव पुकारा."

आणि सगळ्या मेळ्यात आवाज घुमला, "जमालपूरची कुमकुम हरवली आहे. सुइया डोंगरावर तिने ज्याची कावड धरली, त्याने येऊन तिला घेऊन जावं!"

अख्खा मांडव हसला. कुमकुमला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती जागची हलली नाही.

थोड्या वेळाने तो लंगडत, धापा टाकत आला.

"हरवलेलं माणूस न्यायचंय," तो माइकवाल्याला म्हणाला आणि मग तिच्याकडे वळला. "मी अवधेश. मुंगेरचा... सही कुठे करू, कुमकुम?"

"सही राहू दे," आत्या मध्ये आली. "आधी सांग, घरी कोण कोण असतं?"