सोळा शेळ्या आणि लेहचा बर्फ

मेमे तोंडुपांच्या सोळा शेळ्या हरवल्याचं कळलं, तेव्हा यांगडोल चुलीत शेण्या सारत होती. मेमे, म्हणजे तिचे आजोबा, दारात येऊन उभे राहिले.

"गोठ्यात सोळा कमी आहेत," ते म्हणाले आणि उंबऱ्यावरच बसले.

तेरा वर्षांची यांगडोल, तिचा धाकटा भाऊ पुंचोक आणि नऊ वर्षांची मावसबहीण कुन्झेस लेहच्या वसतिगृहातून हिवाळ्याच्या सुट्टीला गावी आली होती. त्या सोळा शेळ्या आजीने बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या. आजी शरदात गेली. तेव्हापासून मेमे माणसांशी कमी आणि त्या शेळ्यांशी जास्त बोलत.

थोड्याच वेळात गाव गोबांच्या अंगणात जमलं. गोबा म्हणजे गावचे मुखिया. शेळ्या चरायला नेल्या होत्या मेमेंच्या मुलाने, नोर्बूने. मुलांचा तो अझांग, म्हणजे मामा.

"काल दिवसभर लाल खिंडीखाली होतो," नोर्बू म्हणाला. "अंधार पडल्यावर परत आणल्या, मोजायच्या राहिल्या. पण खिंडीवर चार-पाच माणसं दिसली होती. पलीकडचीच! त्यांनीच नेल्या असणार!"

अंगणात एकच गलका झाला. ती खिंड कोणाची, यावर दोन देशांचं भांडण होतं. इकडे आपली चौकी, तिकडे त्यांची. आणि गावाचं हिवाळ्यातलं एकुलतं एक कुरण नेमकं तिच्या पायथ्याशी!

"चौकीवर कळवायला हवं," गोबा म्हणाले. "दुपारी पाण्याचा ट्रक वर जातो, त्याच्याबरोबर पत्र देतो."

"पत्र गेलं की चौकीचे साहेब कुरण बंद करतील," मेमे म्हणाले. "मागे बंद केलं तेव्हा गावाची निम्मी करडं उपाशी मेली."

"मग गप्प बसू का, तोंडुपले? तुमच्याच शेळ्या गेल्यात ना?" गोबांनी नावाला आदराचा 'ले' जोडत विचारलं.

नोर्बूने हात चोळले. "थंडी तरी काय! काल संध्याकाळी लेहला गुडघाभर बर्फ पडलाय. आता इकडेही येणार बघा!"

पुंचोकचा चहाचा पेला तोंडापाशीच थांबला. त्याने थोरल्या बहिणीला कोपर मारलं.

"आचे! अझांगला लेहचा बर्फ कसा कळला?"

"कळला असेल कुणाकडून."

"कुणाकडून? चार दिवसांत लेहहून एक गाडी आलेली नाही. गावातला रेडिओ कधीचा बंद. राहिला फोन!"

यांगडोलचे डोळे मोठे झाले. फोन फक्त एका ठिकाणी लागायचा, गावाच्या पश्चिमेच्या टेकडीवर. आणि लाल खिंड तर पूर्वेला!

"म्हणजे अझांग थापा मारतोय!" कुन्झेस म्हणाली.

"हळू! तुझा आवाज पलीकडच्या चौकीतही ऐकू जाईल!" पुंचोक म्हणाला.

"चला, सांगूया सगळ्यांना!" कुन्झेस उठलीच.

"आपल्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवेल? आधी शेळ्या शोधू," यांगडोल म्हणाली. "ट्रक सुटायच्या आत!"

तिघांनी खिशात सातूचं पीठ भरलं, मेमेंच्या कुत्र्याला शीळ घातली आणि टेकडी चढायला सुरुवात केली. तासाभरात माथा आला. तिथे एका सपाट दगडाशेजारी बिस्किटाचा पुडा पडला होता. त्याच्या भोवती ताज्या लेंड्या!

"दगडावर अझांगची बैठक, लेंड्यांत शेळ्यांची!" पुंचोक म्हणाला.

लेंड्यांचा माग पलीकडच्या उतारावर गेला. पुंचोक पुढे धावला आणि ओरडला, "थांबा!" त्याच्या पायांपुढे जमीनच संपली होती.

खाली लांडग्यांचा जुना सापळा होता. दगडांनी बांधलेला, माणसाहून खोल, गोल खड्डा. भिंती आत झुकलेल्या. उडी मारली की आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. गेली वीस वर्षं तो कुणी वापरला नव्हता.

खड्ड्यात करड्या रंगाचं काहीतरी हललं.

"लांडगा!" कुन्झेसने पुंचोकचा कोट धरला.

"में-में-में!" लांडगा म्हणाला.

ती मेमेंची म्हातारी करडी शेळी होती! तळाशी वाळक्या गवताची नुसती खुंटं उरली होती. गवताच्या लोभाने एकीने उडी मारली असणार आणि मागून बाकीच्यांनी. यांगडोलने दोनदा मोजल्या. सोळा! सगळ्या धडधाकट!

"तुम्ही दोघं कुत्र्यासह इथेच थांबा. खरा लांडगा फिरकला तर—"

"तर कुन्झेसला गायला लावतो. पळून जाईल!"

"पुंचोक!"

यांगडोल घसरत, धडपडत खाली पोचली, तेव्हा गोबांच्या अंगणापुढे ट्रक सुरू झाला होता आणि गोबा चालकाच्या हाती पत्र देत होते.

"थांबा, गोबाले!" तिला धाप लागली होती. "अझांगले, लेहला बर्फ किती पडला म्हणालात?"

"गुडघाभर. तुझी लेहची मावशीच म्हणाली काल फोनवर..." नोर्बू बोलता बोलता थांबला.



"फोन कुठे लागला?" गोबांनी शांतपणे विचारलं. "लाल खिंडीखाली?"

नोर्बूचं तोंड उतरलं. "शेळ्या घेऊन थोडा वेळच टेकडीवर गेलो होतो... माणसं वगैरे काही दिसली नव्हती. घाबरलो आणि बोलून गेलो."

"सोळाही शेळ्या टेकडीमागच्या लांडग्यांच्या खड्ड्यात आहेत. जिवंत!" यांगडोल म्हणाली.

मेमे तडक दोर आणायला उठले. गोबांनी पत्र परत घेतलं आणि सरळ अंगणातल्या चुलीत टाकलं.

दुपार कलताना सगळं गाव खड्ड्यापाशी होतं. आत कुणी उतरायचं, यावर चर्चा झालीच नाही. नोर्बू खाली उतरला आणि एकेक शेळी खांद्यावर घेऊन वर देऊ लागला. तिसरीने त्याची टोपी खाल्ली.

"खाऊ दे," मेमे वरून म्हणाले. "कालपासून उपाशी आहे ती."

आजी गेल्यापासून मेमे पहिल्यांदाच हसले होते.

"साहेबांपुढे गावाचा शब्द खोटा पडला असता आणि कुरणही गेलं असतं," गोबा मुलांना म्हणाले. "आम्ही इतके जण होतो, पण ऐकलं नीट ते तुम्हीच. शाब्बास!"

आत पडलेल्या जनावराला बाहेर येता यावं म्हणून खड्ड्याची एक बाजू फोडून वाट करायची, असं तिथेच ठरलं. पण जमीन गोठली आहे, दगड एकमेकांना घट्ट धरून बसले आहेत आणि पहार आत जात नाही. मे महिन्यापर्यंत थांबावं लागेल. भिंत अजून उभी आहे.