मागे पहा

कॉम्प्युटरवरच्या जुन्या गप्पांची डागडुजी करताना कुणाचा जीव घाबरा व्हावा, असं त्या कामात काहीच नव्हतं. काम कंटाळवाणं होतं, इतकंच. साल नव्याण्णव. सुरतेजवळच्या उधन्यातली, लूमच्या म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यावरची एक खोली आणि भर दुपार. कारखान्याला सुट्टी होती. एरवी कान किटवणारी खटखट बंद होती आणि उज्ज्वलाला ती शांतताच जास्त टोचत होती.

इंटरनेटवरचा गप्पांचा तो फलक तिच्या धाकट्या भावाने, गजेंद्रने, तीन वर्षांपूर्वी सुरू केला होता. खानदेश सोडून कुठे कुठे पांगलेली माणसं त्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. भरताची वांगी, गावची जत्रा, फुकटची भांडणं. प्रत्येक संदेशाला नंबर असे. कुणाच्या जुन्या बोलण्याचा दाखला द्यायचा तर खाली ‘मागे पहा’ लिहायचं. त्या शब्दांवर दाबलं की तो जुना संदेश उघडायचा. ही शिस्त गजेंद्रचीच.

गजेंद्र जाऊन दहा महिने झाले होते. आता फलक नव्या जागी हलवला, तर सगळे नंबर सरकले. कुठलंही ‘मागे पहा’ दाबा, उत्तर एकच, ‘पान सापडत नाही’. जागा देणाऱ्या कंपनीने बजावलं होतं, शनिवारपर्यंत नीट करा, नाहीतर सगळं पुसून टाकू. भावाचं बोलणं म्हणून जगात उरलं होतं ते एवढंच. म्हणून उज्ज्वला शिकवणीला दांडी मारून बसली होती.

खिडकीशी तिची आई, मंगलाबाई, मांडीवर साडी पसरून टिक्या चिकटवत होती. खोलीभर गोंदाचा वास होता.

“कितला टाइम बसशी त्या डबापुढे? च्या ठेवू का?”

“थांब आई, एवढं होऊ दे.”

पहिल्या ‘मागे पहा’ला तिने सदतीस नंबर घातला. परत पाहिलं, तर तिथे चारशे बारा झालेला. घाईत बोटं चुकली असतील म्हणून तिने पुन्हा सदतीस घातला. पुन्हा चारशे बारा. दुसरा दुवा घेतला, तिसरा घेतला, नवव्यापर्यंत गेली. प्रत्येक ठिकाणी चारशे बारा.

फलकावर एकूण संदेश होते चारशे अकरा. शेवटचा गजेंद्रचाच, वांग्यांबद्दलचा. त्यानंतर कुणी काही लिहिलंच नव्हतं.

तिने वायर ओढून फोनची लाइन तोडली, पुन्हा जोडली. मोडेम किरकिरला. आता दोनशेच्या दोनशे दुवे चारशे बारा दाखवत होते. तिला रडू फुटलं. किती वेळा पुसावं आणि किती वेळा लिहावं...

गोंदाच्या वासात आता दुसरा वास मिसळला होता. जळक्या वायरचा. तो तिच्या ओळखीचा होता.

त्या दिवशी गजेंद्र स्टुलावर चढून पंख्याची वायर जोडत होता. आई बाजाराला गेलेली. उज्ज्वला शिकवणीला निघाली होती, एक पाय उंबऱ्याबाहेर. मागून हाक आली, “ताई, थांब!” निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे एवढ्या मोठ्या माणसाला कळू नये? ती चिडली आणि मागे न बघता जिना उतरली. परत आली तेव्हा तो खाली पडला होता आणि विजेचा मेन स्विच चालूच होता. तेव्हा तिला कळलं, तो जाता जाता मेन बंद करायला सांगत होता. मेन दाराशीच होता, तिच्या हाताच्या अंतरावर. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच.

तिने डोळे पुसले आणि एका दुव्यावर दाबलं. ‘पान सापडत नाही’ आलं नाही. पडद्यावर पान वरून खाली, एकेक ओळ, सावकाश उतरू लागलं. नंबर चारशे बारा. लिहिणारा गजेंद्र. तारीख आजची.

‘ताई, थांब. मागे पहा.’

“आई...”

मान वळवायची नव्हती. पण एकदा न वळवल्याचं ओझं दहा महिने वाहिलं होतं. ती खुर्चीत बसल्या बसल्या हळूहळू वळली.

मागे कुणी नव्हतं. दार लावलेलं होतं. दाराशेजारी मेनचा दांडा खाली ओढलेला होता. बंद.

डोक्यावरचा पंखा मात्र फिरत होता. कॉम्प्युटर घरघरत होता.

खिडकीशी मंगलाबाईंनी साडीवर आणखी एक टिकी दाबली. मान वर न करताच त्या म्हणाल्या, “आते बंद करीसन काय उपेग, माय?”

उज्ज्वला खुर्चीवरून उठलीच नव्हती.