आभाळाच्या चालीने

धाकटीला कुठल्याही कामात दम निघत नसे. कपडे दुरुस्त करण्याचं तिचं दुकान या घाईवरच चालत होतं. सकाळी टाकलेली पँट दुपारी तयार, आणि गिऱ्हाईक जरा उशिरा आलं तर हीच दारात उभी. अशा बाईने धूमकेतूचा फोटो काढायला घ्यावा, हे ऐकून खालच्या मजल्यावरचा सुतार पोट धरून हसला होता.

पण तिचा नाइलाज होता. थोरली बहीण जन्मभर शाळेत भूगोल शिकवत आली. फळ्यावर खडूने कितीतरी धूमकेतू काढले, प्रत्यक्षात एकही पाहिला नाही. आता सूर्यास्तानंतर पश्चिमेला एक दिसत होता आणि नेमकी आताच थोरलीची नजर विझत चालली होती. महिनाभरात सगळं जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आभाळातलं तिला काही दिसत नसे. डोळ्यांजवळ धरलेलं, मोठं आणि उजळ असेल तेवढंच भिंगातून दिसे. म्हणून फोटो.

सुताराने दोन फळ्या बिजागरीने जोडून दिल्या. खालची गच्चीवर पक्की, वरचीवर जुना कॅमेरा, आणि मधे एक लांब स्क्रू. स्क्रू फिरवला की वरची फळी हळूहळू उचलली जाई आणि कॅमेरा आभाळाच्या चालीने सरके. त्यामुळे तारे ठिपक्यासारखे स्थिर येत. जमिनीवरचं सगळं मात्र फरफटल्यासारखं पुसट येई.

"सेकंदकाट्याबरोबर फिरवा, बाई," सुतार बजावे. "शिलाईचं मशीन नाहीये हे."

बोलायला त्याचं काय जात होतं? रोज धाकटीचा हात पुढे धावे आणि धूमकेतूच्या जागी बोटाने पुसल्यासारखा डाग उमटे. थोरली भिंग लावून त्या डागाकडे बघे आणि म्हणे, "छान आलाय ग." तिला खोटं बोलणं कधीच जमलं नाही. धाकटी स्वयंपाकघरात जाऊन रडे.

एका संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. धाकटीने कॅमेरा लावला, घड्याळ पुढ्यात ठेवलं. नेहमीसारखा हात धावला आणि स्क्रू अडला. गच्च नव्हे, पलीकडून कुणी दोन बोटांनी धरावा इतपत. तिने जोर केला, तो अडूनच राहिला. सैल सोडला, तर आपणहून फिरू लागला, बरोब्बर सेकंदकाट्याच्या चालीने.

तिने हात काढून घेतला. स्क्रू फिरतच होता.

गच्चीवर वारा नव्हता, तरी तिच्या मानेला गार लागत होतं. पळून जावंसं वाटलं. पण फोटो पुरा व्हायचा होता, म्हणून ती जागची हलली नाही.

"कॅमेऱ्याच्या वजनाने फिरला असेल का?" तिने सकाळी सुताराला विचारलं.

"वजनाने फळी खाली बसेल. वर कशी जाईल?"

तिने फोटो पुढे केला. धूमकेतू सुरेख आला होता, डोकं रेखीव, शेपटी लांब, मोकळी सुटलेली. खाली गच्चीचा कठडा आणि पलीकडची घरं फरफटलेली. कठड्यापाशी कुणीतरी पाठमोरी बाई उभी होती. ती जराही पुसट नव्हती. तिचा केस न् केस दिसत होता.

"तिथे कुणी नव्हतं," धाकटी म्हणाली.

सुताराने फोटो पालथा ठेवला. "असतं तरी असं आलं नसतं. उभं माणूस कठड्याबरोबर फरफटतं. ही ताऱ्यांबरोबर सरकलीय." त्यानंतर त्याने गच्चीचं नाव काढलं नाही.

थोरलीने भिंग लावलं आणि फोटोवरून हळूहळू फिरवलं. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "शेपट्या दोन आहेत ग, एक धुळीची, एक वायूची. मुलांना सांगत आले तशाच. दिसल्या एकदाच्या!" तिने धाकटीचा चेहरा ओंजळीत घेतला. "केवढं केलंस माझ्यासाठी."

"मी एकटीने नाही केलं, ताई."

थोरलीने भिंग खाली सरकवलं. "ही होय? ताटकळली बिचारी. तिचे आभार मान हं, तसंच नको ठेवू."

संध्याकाळी धाकटीने रिकाम्या कठड्यासमोर हात जोडले. भीती वाटत होती, पण तिचं मन त्याहून जास्त भरून आलं होतं. "फार उपकार झाले तुमचे," ती म्हणाली. आणि गिऱ्हाइकाला निरोप देताना रोज तोंडात असायचं तेच सवयीने पुढे बोलून गेली, "काही लागलं तर सांगा."

महिना सरायच्या आत थोरलीची दृष्टी गेली. धाकटीने धास्ती घेतली होती, पण थोरली पश्चिमेच्या खिडकीपाशी खुर्चीत प्रसन्न बसलेली असे.

"काळोखाची भीती नाही ना वाटत, ताई?"

"काळोख कुठला? धूमकेतू दिसतोय की."

धाकटीने मनातल्या मनात पुन्हा आभार मानले. जेवणाची भांडी आवरून ती परत आली तेव्हा थोरली तशीच बसली होती. फक्त चेहरा उजवीकडे वळला होता, भिंतीकडे.

"मावळला का?"

"मावळतो कसला? पलीकडून फिरून येतो. बघतेय ना मी."

धाकटीने तिची मान सरळ करायला गालांवर हात ठेवले. मान अडली. गच्च नव्हे, पलीकडून कुणी दोन बोटांनी धरावी इतपत.

"ताई, पुरे आता."

"इतकी घाई का ग तुला?" थोरली मायेने म्हणाली.

तिचे हात मांडीवर स्वस्थ होते. गुडघे खिडकीकडेच होते. समाधानाने उजळलेला तिचा चेहरा हळूहळू खांद्याच्या पलीकडे जात होता.